तुलना कोणाशी, हेही छापावे

महोदय,

मानसशास्त्रीय प्रयोगांच्या बातम्यांत निष्कर्ष ठळकपणे दिला जातो; मात्र तुलना कोणाशी केली, हे बहुधा सांगितलेच जात नाही. संशोधक जो घटक हेतुपुरस्सर बदलतो तो स्वतंत्र चल आणि त्याचा परिणाम म्हणून जे मोजतो ते परतंत्र चल, एवढे अनेकांना ठाऊक असते. पण प्रयोगाची खरी भिस्त असते ती नियंत्रणावर, म्हणजे बाकीचे घटक सारखे ठेवून तुलनेसाठी वेगळा गट ठेवण्यावर.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा व त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६१ मधील प्रयोग पाहावा. ७२ बालकांपैकी २४ जणांनी हवा भरलेल्या बाहुलीला मारणारी प्रौढ व्यक्ती पाहिली, २४ जणांनी शांतपणे खेळणारी पाहिली आणि उरलेल्या २४ जणांना अशी कोणतीच व्यक्ती दाखवली नाही. हा तिसरा, नियंत्रित गट नसता, तर मुलांची मारहाण अनुकरणातून आली की ती एरवीही तशीच वागली असती, हे ठरवता आले नसते. काही मुले मुळातच अधिक आक्रमक असतात, हे ओळखून संशोधकांनी त्यांच्या आधीच्या वर्तनाच्या मूल्यमापनावरून गटांत समतोल साधला होता. माझ्या मते या प्रयोगातून सर्वाधिक शिकण्याजोगी गोष्ट हीच आहे. आवडती खेळणी काढून घेऊन मुलांना किंचित नाराज करण्याचा टप्पाही तिन्ही गटांसाठी सारखाच ठेवला होता.

अशा संशोधनाची बातमी देताना कोणता घटक बदलला, कोणते स्थिर ठेवले आणि नियंत्रित गट होता की नाही, हे आपण आवर्जून नमूद करावे, ही विनंती.

– एक वाचक