या वयात स्पॅनिश कशाला?

ह्यूस्टन

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "दुभाषी आहेत ना तिथे, मग या वयात स्पॅनिशचा खटाटोप कशाला?" तेव्हा घाईत होते, म्हणून आता लिहिते.

हॉस्पिटलात दुभाषी आहेत. टॅब्लेटवर बटण दाबलं की समोर हजर, पेशंटला पैसेही पडत नाहीत. ऑपरेशनची संमती, औषधांची मात्रा असल्या गोष्टींत माझी मोडकीतोडकी भाषा चालतही नाही, आणि ते योग्यच आहे. पण नवा गुडघा बसवलेल्या बाईला उभं करताना माझे दोन्ही हात तिच्या कमरेला बांधलेल्या आधाराच्या पट्ट्याला असतात, टॅब्लेट कोण धरणार? "दोब्ले ला रोदिया", म्हणजे गुडघा वाकवा, एवढं मी म्हटलं की ती पायाकडे बघते, पडद्याकडे नाही. अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींच्या वर आहेत, त्यातले टेक्सासात भरपूर. रोजचंच काम आहे हे.

घरातल्या पोराला मध्ये घालून बोलायची इथे सोय नाही. २०१०च्या आरोग्य कायद्याखालच्या नियमांनी, अगदी तातडीची वेळ सोडली तर, अल्पवयीन मुलांना दुभाषी करायला मनाई आहे. ते वाचलं आणि आजी आठवली. साताऱ्याहून इंदूरला आली, पण तिची हिंदी राजवाड्यापाशी भाजीचा भाव करण्यापुरतीच. तुम्ही दोघं नोकरीवर, म्हणून डॉक्टरांकडे मला न्यायची. पोटाचं, पायाचं सगळं सांगायची. लघवीच्या त्रासाचं मात्र नातीसमोर कसं बोलायचं, म्हणून गिळून टाकायची. तुला कळलं तोवर दुखणं किती वाढलं होतं!

उच्चार आपल्याला सोपे आहेत. त आणि द जवळजवळ आपलेच. इथले बाकीचे शिकणारे तिथेच अडखळतात. वडीलधाऱ्यांशी अहो-जाहोही आहे. क्रियापदं मात्र जीव खातात. आणि प्रश्न विचारणं सोपं हो, उत्तर धो धो कोसळतं! म्हणून आमच्या स्पॅनिशच्या बाईंनी "कुठे दुखतं?" पाठोपाठ लगेच "बोटाने दाखवा" म्हणायला शिकवलंय.

बाबा, तुमच्या गुडघ्याचा व्यायाम चालू आहे ना? खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा. रविवारी व्हिडिओवर करून दाखवा. आईची साक्ष चालणार नाही, ती तुम्हाला सामील असते.

तुमची,
मंजू