कौतुक चेहऱ्याचंच का?

संपादक महोदय,

पन्नाशीनंतर जोडीदार शोधणाऱ्यांची चेष्टा करणारं बरंच काही हल्ली छापून येतं. मी पंचावन्न वर्षांची, घटस्फोटित, विवाहविषयक संकेतस्थळावर नाव नोंदवलेली. चेष्टेचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते तिथे येणाऱ्या संदेशांचं.

साठीचे गृहस्थ पहिल्याच ओळीत 'हाय डिअर' लिहितात आणि पुढे हृदयांची रांग. 'फोटो छान आहे' याला 'धन्यवाद' म्हटलं की विषय संपला! एकाने मात्र लिहिलं होतं, ''तुम्ही रात्री रेडिओ ऐकता असं वाचलं. मीही ऐकतो. शनिवारी फोनवर बोलू या का? नको असेल तर तसं कळवा, राग नाही.'' मी लगेच उत्तर दिलं. पुढे जमलं नाही, तो भाग वेगळा.

मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन व सहकाऱ्यांच्या १९९७ सालच्या प्रयोगात अनोळखी जोड्यांना ३६ प्रश्न दिले होते. प्रश्न हळूहळू खासगी होत जायचे आणि उत्तरं दोघांनीही द्यायची. नुसत्या वरवरच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा या जोड्यांना जास्त जवळीक वाटली. आमचे उमेदवार पहिला प्रश्नही विचारत नाहीत, थेट 'तुमच्याशिवाय करमत नाही'! अहो, अजून भेटलो कुठे?

बायकाही कमी नाहीत. मनात नसताना 'बघू', 'कळवते' म्हणत समोरच्याला महिनोन् महिने ताटकळत ठेवतात. त्यापेक्षा दोन ओळींचा नकार बरा. तो वाचून कुणी शिव्या दिल्याच, तर ब्लॉक करायची सोय आहेच.

– एक वाचक