भत्ता सगळ्यांना मिळतो तेच बरं आहे

संपादक महोदय,

स्वीडनवरचा तुमच्या पेपरातला लेख वाचला. अब्जाधीशाच्या पोरालाही सरकार दरमहा भत्ता देतं म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असं लेखकाचं म्हणणं. मी इथेच राहतो, टॅक्सही भरतो, म्हणून लिहायला बसलो.

हा भत्ता १९४८ पासून सगळ्यांना आहे, सध्या एका मुलामागे महिन्याला १२५० क्रोनर, तुमचा पगार किती ते कोणी विचारतसुद्धा नाही. शाळेतलं फुकट जेवणही तसंच, डॉक्टरचा मुलगा आणि बस ड्रायव्हरची मुलगी एकाच रांगेत, आणि माझ्या मते म्हणूनच ते जेवण बरं राहतं, कारण बिघडलं तर ओरडणाऱ्यांत वजन असलेले पालकही असतात. फक्त गरिबांसाठी काढलेल्या योजनेचं रेशन दुकान कसं होतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. वॉल्टर कोर्पी आणि योआकिम पाल्मे (हो, माजी पंतप्रधान ओलोफ पाल्मेंचाच मुलगा) या स्वीडिश संशोधकांनी १९९८ मध्ये वेगवेगळ्या देशांचे आकडे तपासून साधारण हेच मांडलं होतं, की मदत जितकी फक्त गरिबांपुरती ठेवाल तितकी विषमता कमी करायला ती तोकडी पडते. श्रीमंताकडून काढायचं ते टॅक्समधून काढा ना, पोराचा भत्ता कापून कशाला!

पण खरी गोची तिथेच झालीय आणि त्यावर लेखात एक ओळ नाही. वारसा कर २००४ ला गेला, संपत्ती कर २००७ ला. पगारदाराला नगरपालिका आणि रीजन (म्हणजे प्रांत) मिळून उत्पन्नावर सरासरी ३२ टक्के कर, वर बहुतेक वस्तूंवर २५ टक्के व्हॅट, आणि बापाची इस्टेट मिळाली तर त्यावर वारसा कर शून्य. शाळांचं तर विचारूच नका, १९९२ च्या सुधारणेनंतर खासगी कंपन्या सरकारी पैशावर शाळा चालवतात आणि वर नफाही काढतात, फी नाही हे खरं पण बऱ्याच ठिकाणी अ‍ॅडमिशन वेटिंग लिस्टवर, मग माहितगार आईबाप बाळ जन्मल्या जन्मल्या नंबर लावून मोकळे आणि पोरं मोठी झाल्यावर सीरियातून आलेल्या कुटुंबाचा नंबर लागणार कधी?

उधळपट्टीच शोधायची असेल तर १२५० क्रोनर सोडा, पुढच्या लेखात या शाळांच्या नफ्याचा हिशोब छापा.

एक वाचक, स्टॉकहोम (मूळचा साताऱ्याचा)