विली ली रोज बाई, पदवार मोजल्याबद्दल आभार

आदरणीय विली ली रोज बाई,

तुम्ही २०१८ साली गेलात, तेव्हा हे पत्र तुमच्या हाती पडायचं नाही. पण अमेरिकेतल्या इतिहास विभागांत स्त्रिया किती आणि कुठल्या पदांवर, हे मोजणारा तुमच्या समितीचा १९७० चा अहवाल इथल्या इतिहास विभागांतही उपयोगी पडावा असा आहे, म्हणून जाहीर आभार.

डिसेंबर १९६९ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन या तिथल्या इतिहासकारांच्या संघटनेच्या अधिवेशनात महिला इतिहासकारांनी आपली समन्वय समिती उभी केली. त्यांच्या रेट्यामुळे व्यवसायातल्या स्त्रियांच्या स्थितीची चौकशी तुमच्याकडे आली. अशा चौकशीतून एरवी ‘स्त्रियांना प्रोत्साहन द्यावे’ एवढा ठराव निघतो. तुम्ही मोजायला बसलात. दहा आघाडीच्या पदव्युत्तर विभागांतले अध्यापक ९८-९९ टक्के पुरुष निघाले.

शिफारशीही स्वभाव सुधारण्याच्या नव्हत्या, नियमांच्या होत्या. नवरा-बायकोला एकाच संस्थेत घेण्यावरची बंदी काढा, प्रसूतीची रजा द्या, अर्धवेळ शिकवणाऱ्यांना पद आणि बढतीचा हक्क द्या. शिवाय महिला इतिहासकारांची यादी करा. ही यादी आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. तेव्हा जागा भरायच्या ओळखीवर. विभागप्रमुख मित्राला फोन करी आणि मित्र आपला विद्यार्थी सुचवी. ‘लायक बाई मिळतच नाही’ या उत्तरावर भाषणाचा उपयोग नसतो, नाव-विषय-पदवी असलेला कागद पुढे सरकवावा लागतो. पुढच्याच वर्षी असोसिएशनने कायमची समिती नेमली, हेही बरं झालं; एकदाच केलेली मोजणी कपाटात जाते.

ती रीत महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात अशी लावता येते. शिक्षकांची एकूण संख्या घेऊ नका, तिथेच फसगत होते. कायम, कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरचे असे वेगळे रकाने करा, नाहीतर तासिकांवरच्या बाया कायम पदांच्या बेरजेत मिसळून विभाग छान दिसतो. चार-पाच जणांच्या विभागात टक्केवारी काढू नका. एक निवृत्ती झाली की वीस-पंचवीस टक्क्यांची उडी दिसते. तिथे नुसते आकडे, आणि सलग दहा वर्षांचे. पीएच.डी.साठी नोंदणी किती जणींची आणि पदवी किती जणींना, हेही शेजारी मांडा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमांपासून स्त्रियांना पीएच.डी.ला दोन वर्षं जादा मुदत आणि प्रसूती-बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. गळती कुठे होते ते कळल्याशिवाय ही सवलत पुरते की नाही, सांगता येत नाही.

चर्चासत्रांच्या पत्रिका मोजताना बीजभाषण, सत्राध्यक्ष आणि निबंधवाचन एवढंच धरा. स्वागत, सूत्रसंचालन आणि आभारप्रदर्शन वगळा. ‘महिलांचा लक्षणीय सहभाग’ बहुधा त्या तीन ओळींतच असतो!

निवड समितीचंही पाहावं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला आणि दिव्यांग या सगळ्यांसाठी मिळून किमान एक सदस्य आहे, तोही अशा वर्गातला उमेदवार असेल आणि आधीच्या सदस्यांत असं कोणी नसेल तरच. म्हणजे नियम पाळूनही समितीत एकही बाई नसू शकते. म्हणून मुलाखतीचे प्रश्न आधी लिहून ठेवून सर्वांना तेच विचारावेत. ‘लग्न झाल्यावर काय करणार’ हा प्रश्न लिहिलेल्या यादीत सहसा येत नाही, तोंडीच येतो.

आणखी एक रकाना इथे हवाच, जातीचा. तो नसेल तर कायम पदावरच्या सगळ्या बाया मोजक्याच जातींतल्या असूनही तक्ता समतेचा दिसेल.

अहवालाने सगळं लगेच बदललं नाही, हे तुम्ही पाहिलंतच. १८८४ साली स्थापन झालेल्या तुमच्या असोसिएशनची पहिली महिला अध्यक्ष नेली नीलसन, १९४३ मध्ये. दुसरी नॅटली झेमन डेव्हिस, १९८७ मध्ये. तुमच्या अहवालानंतरही सतरा वर्षांनी.

आपले कृतज्ञ,
इतिहासाचे काही अध्यापक