सूचना: जुन्या घरांतील शिशाचा रंग, शनिवारी फाइली घेऊन या

सभासद मित्रहो,

अमेरिकेत 1978 पूर्वी बांधलेल्या घरांची कामे घेणाऱ्या सर्वांनी येत्या शनिवारी सकाळी 10 वाजता नेहमीच्या सभागृहात यावे. पर्यावरण संरक्षण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे, निरीक्षक कागदपत्रेही मागतात, आणि बरेच जण नेमके तिथेच अडकतात. म्हणून सोबत आणा:

- शिशाच्या रंगाच्या कामासाठीचे फर्मचे ईपीए प्रमाणपत्र (मुदत 5 वर्षे, तारीख बघा)
- शिशाच्या धोक्याचे माहितीपत्रक मिळाल्याची घरमालकाची सही, काम सुरू होण्यापूर्वीची
- कामाच्या नोंदी. त्या 3 वर्षे जपाव्याच लागतात

खोलीत 6 चौरस फुटांपेक्षा जास्त रंग खरवडला जाणार असेल, तर ईपीएचा शिशाच्या रंगाचा नियम लागू होतो. खिडकी बदलायची असेल तर क्षेत्रफळ कितीही असो, लागू होतोच. जुनी खिडकी वरखाली सरकवली की चौकटीच्या खाचेत शिशाच्या रंगाची पिठासारखी बारीक भुकटी साचते. रांगणारे मूल तिथेच हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. त्यामुळे जमिनीवर प्लास्टिक अंथरल्याशिवाय कामाला हात लावू नका. ज्योतीने रंग जाळणे पूर्ण बंद, आणि हेपा व्हॅक्यूम (अतिबारीक धूळ अडवणारी गाळणी असलेला) न जोडता सँडर, म्हणजे रंग घासायचे यंत्र, चालवायचा नाही.

प्रमाणपत्राची मुदत संपली असेल, तर नूतनीकरण होईपर्यंत अशा घरांचे काम घेऊ नका, ही कळकळीची विनंती.