आमची पोरं पुन्हा ट्रकमध्ये: सुरक्षामंत्र्यांना खुलं पत्र

मा. सुरक्षामंत्री, होंडुरास सरकार,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझा १९ वर्षांचा मुलगा गॅरेजमधून घरी येत होता. राजधानीतल्या कोमायागुएलाच्या बाजारापाशी गणवेशातल्या माणसांनी त्याला गाडीत कोंबलं. अटकेचा कागद नाही, वकिलाला निरोप नाही. दुसऱ्या रात्री सोडला तेव्हा त्याला जिना चढवत नव्हता. बरगडीला तडा गेलाय. ‘चौकशी करून कळवतो’ असा शब्द मिळाला होता. कुणी कळवलं नाही. त्या रात्रीची नोंद आणि त्या माणसांची नावं, एवढंच माझं मागणं होतं.

आता तेवढ्यावर थांबत नाही, जुनंही सांगतो. आमच्या तरुणपणी सक्तीच्या भरतीसाठी लष्कराचे ट्रक यायचे. सिनेमा सुटला की दारातच पोरं धरायचे, फुटबॉलच्या मैदानावरून उचलायचे. पैसेवाल्यांची पोरं बरी सुटायची! माझा थोरला भाऊ असाच गेला. आई त्याचे कपडे घेऊन बराकीच्या फाटकाशी उभी राहायची. पहारेकरी पिशवीसुद्धा आत घेत नसे.

हे थांबवलं कार्लोस रोबेर्तो रेइना यांनी. लिबरल पक्षाचे, पेशानं वकील, जन्म याच कोमायागुएलातला. तरुणपणी कारियासच्या हुकूमशाहीविरुद्ध उभे राहिले म्हणून तुरुंगात गेले, पुढे आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाचे अध्यक्ष झाले. १९९४ साली राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी घटनादुरुस्ती करून सक्तीची लष्करभरती बंद केली. १९६३ पासून लष्कराच्या मुठीत असलेले पोलीस नागरी सत्तेखाली आणण्याचं कामही त्यांच्याच काळात झालं. तेव्हा तासन्‌तास वीज जायची, लोक वैतागले होते, मीही वैतागलो होतो. पण अंधारातसुद्धा आमची पोरं घरी होती.

नंतरच्यांनी काय केलं? २०१३ साली नॅशनल पक्षाच्या राजवटीत लष्करी पोलीस आले. २०२१ च्या निवडणुकीत लिब्रे पक्षानं लष्कर रस्त्यावरून हटवू म्हणून मतं घेतली आणि डिसेंबर २०२२ मध्ये खंडणीखोरांच्या नावानं आणीबाणी लावली. आधी ३० दिवस म्हणाले, मग मुदतवाढीवर मुदतवाढ. खंडणीवाला अजूनही बसवाल्याकडून हप्ता नेतोच. त्याला धरायला तुमच्याकडे गाडी नसते, माझ्या पोराला कोंबायला असते. लाज वाटू द्या.

एक्स-रेची प्रत सोबत जोडली आहे. नोंद मिळाली नाही तर मी आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे जाणार. मानफ्रेदो वेलास्केस या विद्यार्थ्याला बेपत्ता केल्याबद्दल १९८८ साली रेइनांच्याच जुन्या न्यायालयानं होंडुरासला जबाबदार धरलं होतं. तो निकाल काढून वाचा आणि मग मला उत्तर द्या.

एका मुलाचा बाप,
कोमायागुएला