ठमीची वही

पुणे, ८ जून

ती. आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. आपल्या म्हाताऱ्या मांजरीच्या, ठमीच्या, डॉक्टरांनी रोजची नोंद ठेवायला सांगितली आहे, ती कशी ठेवायची? आणि कथा लिहायची तर सुरुवात कुठून करायची? दोन्हींचं उत्तर एकाच वहीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते. बाजारात गेलात की २०० पानी, रेघांची वही आणा. डावं पान ठमीचं, उजवं पान घराचं. तारीख दोन्हीकडे तीच.

नोंदी तुम्हाला नव्या नाहीत. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, पहिल्या पावसाचा दिवस, सगळं तुम्ही कालनिर्णयच्या चौकटीत लिहीत आला आहात. पण त्या चौकटीत आकडा मावतो, वाक्य मावत नाही. आणि आता वाक्यांची गरज आहे.

आधी डावं पान. ठमी १४ वर्षांची आहे. मांजराच्या वयाचा ढोबळ हिशेब असा करतात: पहिल्या दोन वर्षांची २४, पुढच्या प्रत्येक वर्षाची ४. म्हणजे माणसाच्या मापानं ती ७२ची, बाबा, तुमच्याच वयाची. म्हातारपणी मांजरांची किडनी थकते आणि ते फार उशिरा कळतं, कारण बरीचशी किडनी निकामी होईपर्यंत उरलेली सगळं ओझं वाहत राहते. थकलेल्या किडनीला लघवी दाट करता येत नाही. पाणी शरीरातून नुसतं वाहून जातं, म्हणून ठमी सारखी बादलीपाशी जाऊन बसते. आई, ती फार लघवी करते म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवू नकोस. ती पिते ते जातंय त्याची भरपाई म्हणून. भांडं उचललं तर एका दिवसात ती सुकेल.

पाणी मोजायचं ते असं. सकाळी एकाच मापाच्या दोन वाडग्यांत ३००-३०० मिली पाणी घ्या. एक ठमीपुढे, दुसरं तिला पोचता येणार नाही अशा फळीवर. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दोन्ही मोजा. फळीवरच्या वाडग्यातलं जेवढं कमी झालं तेवढं वाऱ्यानं उडालं. ते वजा केलं की ठमी किती प्यायली ते कळतं. बादलीवर मात्र त्या दिवशी झाकण हवं, नाहीतर हिशेब चुकतो. किलोमागे दिवसाला १०० मिलीच्या वर गेलं तर ते नक्कीच जास्त. हे रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे.

वजन रविवारी सकाळी, खाण्याआधी. तुम्ही तिला घेऊन काट्यावर उभे राहता आणि मग स्वतःचं वजन वजा करता, त्यात शंभर-दोनशे ग्रॅमची चूक सहज होते. चार किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम वजन उतरणं म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो उतरणं. स्वयंपाकघरातला १० किलोचा डिजिटल काटा घ्या, त्यावर भाजीची टोपली ठेवून आकडा शून्यावर आणा, मग ठमीला टोपलीत बसवा. टोपली तिच्या ओळखीची असली की ती हलत नाही.

आता वाक्यं. “आज ठमी बरी होती” हे डॉक्टरांच्या काहीच उपयोगाचं नाही. “सकाळी ७ वाजता ताटलीपाशी धावत आली, हुंगलं, मागे सरली, ओठ चाटले, पुन्हा आली, दोन घास खाऊन निघून गेली” हे उपयोगाचं. त्यावरून त्यांना कळतं की भूक आहे, पण मळमळतंय किंवा तोंड दुखतंय, आणि या दोन्हींवर औषध असतं. “बरी” हा तुमचा निष्कर्ष झाला. निष्कर्ष त्यांना काढू द्या. डॉक्टरांना ठमीला विचारता येत नाही. कथा वाचणाऱ्याला तुम्हाला विचारता येत नाही. दोघांच्याही हाती पानावर असेल तेवढंच असतं, म्हणून डाव्या पानावरचा सराव थेट उजव्या पानाच्या कामी येतो.

खाण्याचं थोडक्यात. थकलेल्या किडनीसाठी मिळणारं खास खाणं आणलंत तर एकदम बदलू नका. दहा-बारा दिवस जुन्यात थोडं थोडं मिसळत न्या. “भूक लागली की खाईल” हे कुत्र्याला चालेल, मांजराला नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि त्यातून वेगळंच दुखणं उभं राहतं. पूर्ण एक दिवस तिनं तोंड लावलं नाही तर फोन करा, थांबू नका. सुकट, खारवलेला बोंबील बंद, मीठ फार. कालवण तर नकोच, कारण कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. आई, तिच्यासाठी काही करावंसं वाटलं तर बांगडा बिनमिठाच्या पाण्यात उकळ आणि ते पाणी कोमट असताना चमचाभर तिच्या खाण्यावर घाल. म्हाताऱ्या मांजराचं नाक मंदावतं. वास आला की ती जेवते. आणि तुझ्या पर्समधली तापाची गोळी, पॅरासिटामॉल, चुकूनही तिला देऊ नकोस. तिच्या यकृताला ती पचवता येत नाही. एक गोळीसुद्धा जीव घेते.

सलाईनचं मात्र नीट लिहिते, कारण हात थरथरतात ते तिथेच. डॉक्टरांनी एक दिवसाआड १०० मिली कातडीखाली द्यायला सांगितलंय.

बाटली आधी कोमट पाण्याच्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि बाळाच्या दुधासारखी मनगटावर थेंब टाकून पाहा. गार पाणी आत गेलं की ती उडी मारते आणि पुढच्या वेळी पलंगाखालून बाहेर येत नाही. बाटली खिडकीच्या गजाला, ठमीच्या पाठीपासून हातभर-दीड हात वर टांगा. नळीचं चाक उघडून बुडबुडे जाईपर्यंत पाणी सोडा, चाक बंद करा. बाटलीवर आत्ताची पातळी आणि १०० मिली खालची पातळी स्केचपेननं आखा. चष्मा लावूनही बारीक आकडे दिसत नाहीत, रेघ दिसते.

आई, तू पाटावर बस, ठमी तुझ्या मांडीवर, तोंड बाहेरच्या बाजूला. बाबा, दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत वर उचला, तंबूसारखी. तंबूच्या पायथ्याशी, पाठीच्या कण्याला समांतर सुई आत घाला. सुईच्या टोकाची तिरकी बाजू वर. चाक पूर्ण उघडा. अंगावरचे केस ओले झाले तर सुई पलीकडून बाहेर आली आहे. चाक बंद करून नव्या सुईनं पुन्हा. धार अडली तर सुई बाहेर न काढता किंचित फिरवा, बहुतेक वेळा टोक कातडीला टेकलेलं असतं. सुई काढल्यावर ती जागा अर्धा मिनिट दाबून धरा. खांद्यावर लिंबाएवढा, कधी संत्र्याएवढा फुगा येईल आणि तासाभरात पुढच्या पायाकडे उतरेल. घाबरू नका, काही तासांत जिरतो. सुई दर वेळी नवी. बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहा, पाणी गढूळ दिसलं तर टाकून द्या.

एकच धोका लक्षात ठेवा. ठमी झोपलेली असताना तिच्या बरगड्या एका मिनिटात किती वेळा वर येतात ते मोजा. ३०च्या आत ठीक. सलग ३०च्या वर गेलं तर सलाईन थांबवायचं आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं. पाणी जास्त होऊन छातीकडे गेलं असेल. हा आकडा रोज रात्री डाव्या पानावर.

आता उजवं पान. बाबा, इथे “लेखन” करू नका. दिवसाला सात-आठ ओळी, त्याही पाहिलेल्या-ऐकलेल्या. मराठी गद्याची सुरुवातच अशा नोंदींपासून आहे. तेराव्या शतकात म्हाइंभट ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडे जाऊन एकेक आठवण विचारत होते. त्यातूनच झालेल्या लीळाचरित्रात कुत्र्यांपुढे पळणारा ससा स्वामींच्या गुडघ्याखाली शिरतो, तो प्रसंग तुम्हाला ठाऊक आहेच. सशाला काय वाटलं हे तिथे कुणी सांगत बसत नाही. तो कुठे शिरला एवढं कळतं आणि मग आपल्यालाच धाप लागते.

ठमीवर लिहाल तेव्हा हेच करा. तिच्या मनात काय आलं ते लिहू नका. माणसाचे विचार मांजराच्या तोंडी घातले की कथा बालिश होते. ती काय करते, आणि ते पाहून आई काय करते, ते लिहा. ठमी हल्ली ओट्यावर उडी मारत नाही, आधी पाटावर चढते, थांबते, मग वर जाते. आईही पायरीवर आधी हात टेकते, थांबते, मग चढते. ही दोन वाक्यं दोन वेगळ्या दिवशी वहीत आली तर शेजारी आणून ठेवा आणि “सारखंच आहे” असं म्हणू नका. ते वाचणाऱ्याला दिसतं.

आईचं बोलणं ती बोलते तसंच उतरवा. ती “थकले” म्हणत नाही, “अंग आंबलं” म्हणते. तुमचा हात ते शुद्ध करायला जाईल. जाऊ देऊ नका. संवाद मरतो तो तिथेच. तिनं वाक्य अर्धं सोडलं तर तुम्हीही अर्धंच सोडा.

महिनाभर कथा लिहायची नाही. महिन्यानंतर उजवी पानं सलग वाचा आणि जे पुन्हा पुन्हा आलंय त्याच्याखाली रेघ ओढा. एखादी बंद खिडकी तीनदा आली असेल, कुणी दोनदा येऊन न बोलता गेलं असेल. त्यातल्या तीन नोंदी घ्या. त्यांत कुणाला तरी काहीतरी हवंय आणि ते मागता येत नाही, एवढं सापडलं की कथा उभी राहते. पहिला खर्डा हातानं, एका बाजूला, एक ओळ सोडून. दोन-अडीच हजार शब्द म्हणजे तुमच्या अक्षरात बारा-तेरा पानं. मग पहिलं पान काढून वाचा. बहुतेक वेळा त्यात गाव, ऋतू आणि घराणं असतं आणि कथा दुसऱ्या पानावर सुरू होते. तसं असेल तर ते पान वहीतच राहू द्या.

खर्डा आईला मोठ्यानं वाचून दाखवा. तिचं मत विचारू नका, ती चांगलंच म्हणेल. ती मध्येच “मग?” म्हणाली तर कथा चालू आहे. “कोण हा?” म्हणाली तर तिथे नावं गोंधळली आहेत. ती भाजी निवडायला लागली तर त्या परिच्छेदाला समासात खूण करा, पुढे वाचत राहा.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचं काही आलं तर नुसतं नाव बदलून भागत नाही. वाडीत पहिल्या ओळीतच ओळखतील. गाव बदला, धंदा बदला, मुलगा असेल तर मुलगी करा. ज्या एका गोष्टीवर कथा टेकली आहे तेवढी राखा. आणि जिवंत माणसाचं आजारपण त्याला विचारल्याशिवाय वापरू नका. हे मी स्वतःसाठीही पाळते.

मोबाइलवर बोलून टाइप करणं वहीसाठी चालेल, कथेसाठी नाही. त्यात स्वल्पविराम जातात, अवतरणचिन्हं जातात आणि आपल्याकडचे शब्द पुस्तकी होऊन बसतात. तालुक्याला डीटीपीवाल्याकडून टाइप करून घ्या, पण युनिकोडमध्येच द्या असं आधी सांगा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर नुसती चिन्हं होऊन उघडतो. मनोरंजन मासिकाचा १९०९चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून आपल्याकडे कथा दिवाळीत वाचायची रीत पडली आहे, पण अंकांचं साहित्य पावसाळ्यातच जातं. यंदाची घाई नको. पुढच्या वर्षी जूनमध्ये पाठवा, एका वेळी एकाच अंकाला, मूळ प्रत घरी ठेवून.

एक अवघड गोष्ट. कालनिर्णयच्या चौकटीत रोज रात्री ठमीसाठी एक खूण करत जा: ती स्वतःहून जेवली, अंग चाटलं, उन्हात जाऊन बसली, तर बरोबरची, यातलं काहीच केलं नाही तर फुली. सलग फुल्या दिसायला लागल्या तर डॉक्टरांशी तिला शांत झोपवण्याबद्दल बोलावं लागेल. तेव्हा आईला “कालच तर बरी होती” असं वाटेल, आणि खरंच वाटेल. त्या वेळी पान उघडून दोघांनी मिळून बघा. एकट्यानं ठरवू नका, आणि मला कितीही वाजता फोन करा.

आई, संध्याकाळी ती पायात घोटाळते. तिच्या गळ्यात छोटा घुंगरू बांध आणि मोरीजवळचा दिवा चालू ठेव. पट्टा ताणला की सुटेल असा हवा, कौलांवर कुठे अडकली तर फास बसायला नको.

रविवारी वजनाचा आकडा फोनवर सांगा. उजवी पानं मात्र पोस्टानं पाठवा, झेरॉक्स काढून. खाडाखोड तशीच राहू द्या.

तुमची,
लेक

ता. क. सुया २० नंबरच्या आणा. १८ची जाड असते, पाणी भरभर जातं, पण ठमीची कातडी आता पातळ झाली आहे. वेळ थोडा जास्त लागेल, तेवढा वेळ आई, तू तिच्या कानामागे खाजवत राहा.